तो परशुराम नव्हे आणि तो पोळाही नव्हे

पोळा जवळ आला आणि व्हॉट्सॲपवर एक जुने छापचित्र फिरू लागले. डोक्यावरून वस्त्र घेतलेला दाढीवाला पुरुष तिवईवरच्या अग्नीत काही अर्पण करतो आहे, शेजारी एक मुलगा धूपाची पेटी धरून उभा आहे, एक जण जोडपावा वाजवतो आहे, मागे बैलाचे डोके दिसते आणि एका कडेला उघड्या अंगाचा, कुऱ्हाड घेतलेला माणूस आहे. सोबतचा मजकूर म्हणतो की हे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन चित्रकाराने काढलेले पोळ्याचे चित्र आहे, कुऱ्हाडवाला साक्षात परशुराम आहे, रोमला धर्म आपणच दिला आणि व्हॅटिकनने हा पुरावा दडवून ठेवला. शाळेत इतिहास शिकवणाऱ्या माझ्या आत्येभावाने हे चित्र वर्गाच्या फलकावर लावण्यासाठी छापून घेतले, तेव्हा उत्तर लिहिणे भाग पडले.

चित्राच्या वयाचा मुद्दा लगेच निकालात निघतो. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापण्याची कला युरोपात पंधराव्या शतकात आली. रोमनांकडे छापाही नव्हता आणि कागदही नव्हता. सतराव्या शतकात पिएत्रो सांती बार्तोलीसारखे कारागीर रोममधील प्राचीन शिल्पे अशी पत्र्यावर उतरवत होते, आणि १७१९ पासून बेर्नार द माँफोकाँ या फ्रेंच धर्मबंधूने अशा चित्रांचे जाडजूड खंड पॅरिसमध्ये प्रसिद्ध केले. यांतली पुष्कळ चित्रे दुसऱ्याच्या चित्रावरून उतरवलेली असत, आणि उतरवताना कधी डावे-उजवे उलटत असे, तर कधी मोडलेले नाक परस्पर जोडले जात असे. त्यामुळे पुरावा शोधायचा तो मूळ दगडात.

तो दगड प्रसिद्ध आहे. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस रोममधल्या कॅपिटोल टेकडीवरील ज्युपिटर या देवाच्या मंदिरासमोर यज्ञ करत असल्याचे हे उठावशिल्प इ.स. १७६ ते १८० च्या सुमाराचे आहे, आणि त्यातला कुऱ्हाडवाला हा बळीच्या पशूला मारणारा सेवक आहे. बैल तिथे पूजेसाठी नव्हे, मरण्यासाठी आणलेला आहे. त्याच्या डोक्यावर खारवलेले पीठ भुरभुरत, कपाळावर मद्य ओतत, कुऱ्हाडीच्या किंवा हातोड्याच्या घावाने त्याला खाली पाडत, गळा चिरत आणि मग आतडी-यकृत तपासून देवाने बळी स्वीकारला की नाही ते ठरवत. पावा मंगलवाद्य म्हणून वाजत नव्हता. प्रार्थनेच्या वेळी दुसरा कोणताही आवाज कानी पडू नये म्हणून तो वाजवतात, असे पहिल्या शतकातल्या थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाने स्पष्ट नोंदवले आहे. ज्या सणाला आपण आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीने मळतो, दिवसभर त्याच्या मानेवर जू ठेवत नाही आणि त्याला पुरणपोळी भरवतो, त्या सणाच्या शुभेच्छा म्हणून बैलाच्या कत्तलीचे चित्र पाठवायचे आणि वर खाटकाला परशुराम म्हणायचे, याला अभिमान म्हणावे की काय, हे पाठवणाऱ्यांनीच ठरवावे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. यज्ञ करताना रोमन यजमान डोके झाकत असे, हे आपल्याला ओळखीचे वाटते, आणि रोमन शेतकरी बैलांच्या आरोग्यासाठी नवसही करत असे. पण तो नवस कसा होता, हे इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या केटो या रोमन लेखकाने शेतीवरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे, आणि त्याचे त्र्याऐंशीवे प्रकरण या संपूर्ण मजकुराला पुरून उरते. मार्स सिल्वानस या देवासाठी रानात, दिवसाउजेडी, दर बैलामागे पीठ, डुकराची चरबी, मांस आणि मद्य अर्पण करावे, गुलामाने केले तरी चालेल, पण बाईने तिथे हजर राहू नये आणि हे कसे करतात ते पाहूही नये, असा त्याचा दंडक आहे. आपल्याकडे बैलजोडी दारात आली की घरची बाई पायावर पाणी घालून तिला ओवाळते. दोन्ही रीती एकच आहेत असे सांगणाऱ्याने यातली एक तरी पाहिली आहे का, अशी शंका येते.

‘रोमला धर्म आपण दिला’ याला आधार म्हणून त्या मजकुरात या चित्राखेरीज काहीच नाही. व्यापारी संबंध होते, याबद्दल वाद नाही: कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली आहे, आणि इटलीतल्या पाँपेई या प्राचीन रोमन शहरात १९३८ साली मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी जुळणारी मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला निघाली आहे. पण मूर्ती जहाजातून गेली म्हणून पूजाविधीही गेला, असे ठरत नाही. तसे ठरवायचे तर कोल्हापूरकरांना पोसायडनचे भक्त म्हणावे लागेल.

राहिला दडवण्याचा आरोप. हे शिल्प १५१५ साली सांता मार्तिना चर्चमधून कॅपिटोलवर हलवले गेले. ते आज कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे, जे व्हॅटिकनचे नसून रोम महापालिकेचे आहे, आणि तिकीट काढणाऱ्या कोणालाही ते पाहता येते. माँफोकाँचे खंड हायडेलबर्ग विद्यापीठाने चित्रांसह महाजालावर फुकट ठेवले आहेत.