मेगापिक्सेल आणि झूमच्या आकड्यांवरून कॅमेरा निवडू नका

‘रोजच्या वापराचा छोटा कॅमेरा घेताना फक्त मेगापिक्सेल, झूम आणि किंमत बघा. सेन्सर-लेन्सच्या गप्पा फोटोग्राफरना करू द्या, बाकी सगळे कॅमेरे सारखेच.’ अशा आशयाचा सल्ला ग्रुपाग्रुपांतून फिरतो आहे. त्यावर विसंबून लोकांचे चांगले पैसे वाया जातात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासू.

आधी मेगापिक्सेल. अल्बममधला ४ बाय ६ इंचाचा फोटो स्वच्छ छापायला २ मेगापिक्सेलच्या थोडं वर लागतं, ए४ आकाराला ९च्या आसपास. आज जवळपास प्रत्येक कॅमेरा याहून जास्त देतो. खरा फरक सेन्सरच्या, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपच्या, आकाराचा; तो जितका मोठा, तितका उजेड जास्त. स्वस्त कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. सोनी आरएक्स१०० किंवा कॅनन जी७एक्समधला ‘१ इंची’ सेन्सर १३.२ बाय ८.८चा, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. रिको जीआर ३मधला ‘एपीएस-सी’ नावाचा आणखी मोठा सेन्सर त्याच्याही तिप्पट. उलट, मधल्या किमतीच्या अनेक मोबाईलचा मुख्य सेन्सरसुद्धा १/२.३ इंचीपेक्षा मोठा असतो. मग घरगुती फोटोंसाठी तो स्वस्त कॅमेरा कशाला घ्यायचा?

झूमचा मुद्दा जास्त फसवा आहे, कारण झूमची किंमत उजेडात मोजावी लागते. एकाच घराण्यातले दोन कॅमेरे घ्या. (मिमीचा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं; एफ/चा आकडा लहान तितका उजेड जास्त आत येतो.) सोनी आरएक्स१०० मार्क ५एची लेन्स २४–७० मिमी, एफ/१.८–२.८. मार्क ७ची २४–२०० मिमी, एफ/२.८–४.५. संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात मूल घरभर धावतंय. शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू झालं की त्याचे हात-पाय हललेले येतात. २४ मिमीवर मार्क ५ए जवळजवळ अडीचपट उजेड आत घेतो; त्याचं जिथे आयएसओ (कमी उजेडात फोटो किती उजळवायचा याचा आकडा) १२८०वर भागतं, तिथे मार्क ७ला ३२००पर्यंत जावं लागतं. गालावरचा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, तिथूनच येतो. पॅनासोनिक टीझेड९९चा ३०एक्स झूम ७२० मिमीपर्यंत पोचतो, पण त्या टोकाला लेन्स एफ/६.४ असते आणि सेन्सरही तोच छोटा, १/२.३ इंची. भर उन्हात झाडावरचा पक्षी टिपायला तो मी आनंदाने सुचवेन, हॉलमधल्या वाढदिवसाला मुळीच नाही.

कमी किमतीत मोठे आकडे? ऑनलाइन मिळणाऱ्या अनोळखी ब्रँडच्या कॅमेऱ्यांवरचे ‘४८ मेगापिक्सेल’ अनेकदा सॉफ्टवेअरने फुगवलेले असतात, आणि ‘१६एक्स डिजिटल झूम’ म्हणजे नुसतं क्रॉपिंग, फोटो कापून मोठा करणं.

राहिला ‘सगळे सारखेच’ हा दावा, आणि मला सर्वात जास्त खटकतो तो हाच. जीआर ३ बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम, सहज खिशात मावतो. पण त्यात फ्लॅश नाही, झूम नाही आणि एका चार्जमध्ये साधारण २०० फोटो निघतात, त्यामुळे जादा बॅटरी जवळ हवीच. मार्क ७मध्ये व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आहे, जी७एक्स मार्क ३मध्ये नाही. दुपारच्या उन्हात स्क्रीन दिसेनाशी झाली की हा फरक कळतो. पावसाळ्यात सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी ओएम सिस्टमचा टीजी-७ बघावा. १२ मेगापिक्सेल, सेन्सर छोटा, झूम जेमतेम ४एक्स; त्या सल्ल्याच्या हिशेबाने तळाला जाणारा कॅमेरा. पण तो १५ मीटर पाण्याखाली चालतो आणि त्याची लेन्स झूम करताना बाहेर येत नाही. धो धो पावसात वर सांगितलेले बाकीचे सगळे कॅमेरे बॅगेतच ठेवावे लागतात.