कुकर परत मागवला, पण निरोप कुणाला दिला?

एखादी वस्तू धोकादायक निघाली म्हणून कंपनी ती परत मागवते, तेव्हा ती वस्तू आज ज्याच्या ओट्यावर आहे त्याच्यापर्यंत निरोप पोचवणं हे कंपनीचंच काम आहे. पैसे भरणाऱ्याला ईमेल टाकला की जबाबदारी संपली, हे मला अजिबात मान्य नाही.

नागपुरात प्रतापनगरला आईकडे विजेवर चालणारा प्रेशर कुकर होता. आई गॅस बंद करायला विसरते म्हणून धाकट्या भावाने बंगळुरूहून ऑनलाइन मागवून थेट तिच्या पत्त्यावर पाठवला होता. तिला तो आवडलाही. वरण, चण्याची उसळ, सगळं त्यातच व्हायला लागलं. पुढे कंपनीला त्या मॉडेलमध्ये दोष सापडला. आत वाफ कोंडलेली असतानाही झाकणाचं लॉक सुटू शकतं. त्याची सूचना गेली भावाच्या जुन्या ईमेलवर, इंग्रजीत, सेलच्या जाहिरातींच्या ढिगाऱ्यात. त्याने ती पाहीपर्यंत आई रोज त्याच कुकरमध्ये वरण लावत होती.

लॉक सुटणं म्हणजे नेमकं काय, हे सांगते. उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांच्या वर तापत नाही. कुकरमध्ये दाबामुळे ते 115 ते 120 अंशांपर्यंत जातं. झाकण अचानक निघालं की दाब एका क्षणात उतरतो, त्या जादा तापलेल्या पाण्यातलं काही तिथल्या तिथे वाफ होतं आणि आतला पदार्थ घेऊनच बाहेर उसळतं. त्यात वरण असेल तर आणखी वाईट. पाणी निथळून जातं, वरण अंगाला चिकटून राहतं आणि भाजतच राहतं. अमेरिकेत सनबीम कंपनीने नोव्हेंबर 2020 मध्ये क्रॉक-पॉट मालिकेतले सुमारे 9 लाख 14 हजार मल्टिकुकर अशाच धोक्यामुळे परत मागवले होते. झाकण नीट बसलेलं नसतानाही आत दाब तयार होत होता. तेव्हा 99 जण भाजल्याची नोंद झाली होती.

मी कस्टमर केअरला फोन लावला. उत्तर आलं, "ज्यांनी ऑर्डर केली त्यांच्या रजिस्टर्ड मोबाइलवरून फोन करायला सांगा, मॅडम." कुकर माझ्यासमोर आहे, त्याच्यावरचा नंबर वाचून दाखवते म्हटलं, तरी तेच. इथे माझं डोकं फिरलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक म्हणजे फक्त विकत घेणारा नाही. विकत घेणाऱ्याच्या संमतीने ती वस्तू वापरणाराही ग्राहकच आहे. कायद्याने माझ्या आईला ओळख दिली आहे. कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र ती नाही.

तो नंबर वाचणंही सोपं नव्हतं. स्टिकर कुकरच्या बुडाला. तिथे वरण उतू जाऊन वाळलेलं, हळदीने अक्षरं पिवळी पडलेली, कोपरा ओल्या फडक्याने पुसून पुसून उडालेला. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून, फोटो काढून, तो मोठा करून मी एकेक आकडा लावला. सत्तरी ओलांडलेल्या एकट्या माणसाने हे कसं करावं? जिवाशी संबंध असलेला नंबर झाकणावर किंवा हँडलजवळ कोरायला किती खर्च येतो?

शेवटी भावाने फोन केला तेव्हा अट कळली. वायर मधोमध कापा, कापलेली वायर आणि स्टिकर एकत्र दिसतील असा फोटो पाठवा, मग पैसे परत. आईचा जीव वायर कापायला धजेना. "अगं, चांगला चालू आहे ना तो! इतके दिवस काही झालं का?" आणि मग, "त्यापेक्षा मावशींना देऊन टाकू." मावशी तिथेच भांडी घासत होत्या. त्याही म्हणाल्या, "मले द्या ना ताई, मी सांभाळून वापरीन."

मी नाही म्हटलं. दोघींनाही वाईट वाटलं. पण आईच्या हातावर उसळू नये म्हणून जो कुकर आपण काढतोय, तो मावशींच्या घरी कसा चालेल? त्यांच्या घरी लहान नातू आहे. वायर कापायची अट मला म्हणूनच योग्य वाटते, पण ती अर्धवट आहे. या कुकरची वायर सुटी निघते आणि तशीच दुसरी वायर बाजारात सहज मिळते. फोटोपुरती वायर कापून कुकर भंगारवाल्याकडे गेला तर तो पुन्हा कुणाच्या तरी घरात चालू होणार. दोष झाकणात होता, तर झाकण ताब्यात घ्यायला हवं होतं. कंपनीने ते मागितलंच नाही. मग मी लॉक मोडून झाकण निकामी केलं आणि मगच कुकर ई-कचऱ्यात दिला. परत आलेल्या पैशांत आम्ही दोन साधे आयएसआयचे कुकर घेतले, एक आईला, एक मावशींना.

आपल्याकडे कुकर एका घरात थांबतो कुठे? लग्नात आहेर म्हणून येतो, वास्तूला येतो, नवीन आला की जुना गावी जातो. इतवारीच्या बाजारातून रोखीने घेतला तर दुकानदाराकडे नाव-पत्ता नसतो. स्कूटरचं तसं नाही. एमएच 31 ची गाडी तिसऱ्या मालकाकडे गेली तरी आरटीओत नोंद असते, आणि मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत मागवण्याचं कलमही आलं. कुकरला आरटीओ नाही, म्हणून तर निरोपासाठी जास्त धडपड हवी. मराठी वर्तमानपत्रात जाहिरात द्या, दुकानाच्या काउंटरवर फोटोसकट पत्रक लावा, ऑनलाइन ऑर्डर असेल तर डिलिव्हरीच्या पत्त्यावर साधं पत्र टाका. आईचा पत्ता त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होता!

सरकारने मनावर घेतलं तर हे होतं. घरगुती प्रेशर कुकरला 1 फेब्रुवारी 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तो नसलेले कुकर विकले गेले म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट 2022 मध्ये ॲमेझॉनला 2,265 आणि फ्लिपकार्टला 598 कुकरच्या ग्राहकांना कळवून, माल परत घेऊन, पैसे परत करायचा आदेश दिला, वर प्रत्येकी 1 लाख दंड. चांगलं पाऊल होतं. पण कळवायचं ते खरेदीदारांनाच, आणि त्यातले किती कुकर तोवर दुसऱ्याच्या घरी गेले असतील!

गॅसवरचा कुकर असेल तर त्यावर आयएसआय मार्क शोधा. वर आयएस 2347 हा प्रेशर कुकरच्या भारतीय मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल पुढे लायसन्सचे आकडे असतात. ते आकडे भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकले की लायसन्स कुणाचं, चालू आहे का, हे दिसतं. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करा, मराठीत बोलता येतं. पुढे जायची वेळ आली तर तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, कंपनी कुठलीही असो. वस्तू 5 लाखांच्या आतली असेल तर फी लागत नाही.

आईचा विषय मिटला, पण डिलिव्हरीच्या पत्त्यावर पत्र का नाही, याचं लेखी उत्तर मी कंपनीकडे मागितलं आहे आणि 1915 वर तक्रारही नोंदवली आहे. नागपुरात तुमचे आईवडील एकटे राहत असतील आणि कुकरच्या, मिक्सरच्या बुडावरचा नंबर त्यांना वाचता येत नसेल, तर फोटो मला मेसेजमध्ये पाठवा. मी वाचून कंपनीकडे विचारून देईन.