‘स्टिरॉइडला हात लावू नका’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

स्क्लेरोडर्मा, म्हणजे प्रतिकारशक्ती बिघडून त्वचा जाड आणि कडक होण्याचा आजार. त्याच्या रुग्णांमध्ये एक मेसेज सारखा फिरतोय. त्यात म्हटलंय: हा त्वचेचा आजार आहे, इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल म्हणजे हृदय ठणठणीत, आणि हृदयाच्या स्नायूला सूज आहे असं डॉक्टर म्हणालेच, तरी ती उतरवणारं स्टिरॉइड घेऊ नका, किडनी जाते. शेवटी सल्ला, ‘रोज भरभर चाला, हृदय मजबूत होईल’.

त्वचेपुरता राहणारा प्रकार असतो, त्याला मॉर्फिया म्हणतात. सिस्टेमिक प्रकारात मात्र फुप्फुस, आतडी, किडनी, हृदय यांपैकी काहीही आजाराच्या तावडीत सापडू शकतं. स्नायूंच्या दाहाचा आजार जोडीला असेल, तर हृदयाबाबत जास्तच सावध राहावं लागतं.

इकोमध्ये हृदय किती जोरानं आकुंचन पावतंय ते दिसतं. सुरुवातीची सूज त्यात निसटू शकते. म्हणून धडधड, दम किंवा छातीत दुखणं असेल तर ईसीजी, होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवलेला ईसीजी), रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर वाढणारं प्रथिन) आणि गरज पडल्यास हृदयाचा एमआरआय करतात. हातापायांच्या स्नायूंच्या दाहातही ट्रोपोनिन टी वाढू शकतं, त्यामुळे अशा वेळी ट्रोपोनिन आय पाहिलेलं बरं. अँजिओग्राफी स्वच्छ आली म्हणूनही सुटका नाही; या आजाराचा मारा बहुधा तिथं न दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर असतो.

आता स्टिरॉइड. इथं मेसेज निव्वळ खोटा नाही, आणि म्हणूनच तो लोकांना पटतो. रोज १५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन (नेहमी दिलं जाणारं स्टिरॉइड) घेणाऱ्यांत ‘रीनल क्रायसिस’, म्हणजे रक्तदाब झपाट्यानं चढून किडनी निकामी होण्याचा प्रकार, जास्त आढळला आहे. आजाराची पहिली काही वर्षं, झपाट्यानं पसरणारी त्वचेची जाडी आणि रक्तात आरएनए पॉलिमरेज थ्री या शरीरातल्याच प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी, यांत धोका आणखी वाढतो. पण सूज तशीच धुमसत ठेवली तर हृदयाची लय बिघडते, पंप कमजोर होतो आणि स्नायूच्या जागी व्रण तयार होतो. तो व्रण नंतर कुठल्याही औषधानं पुसता येत नाही. मेसेजमध्ये याबद्दल चकार शब्द नाही.

म्हणून डॉक्टर शक्यतो कमी डोस, थोडे दिवस देतात आणि सोबत मायकोफेनोलेटसारखं, प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध सुरू करतात. काहींना सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब लागतं. सूज तीव्र असेल तर धोका माहीत असूनही मोठा डोस द्यावा लागतो. या उपचारांवर मोठ्या तुलनात्मक चाचण्या झालेल्या नाहीत, त्यामुळे दोन तज्ज्ञ दोन वेगळी औषधं सुचवतील, आणि त्यात वावगं काही नाही. मला खरी भीती वाटते ती मेसेज वाचून चालू स्टिरॉइड मध्येच बंद करणाऱ्यांची. बरेच दिवस गोळी घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं कमी करतं. अचानक थांबवलं तर जीवावर बेतू शकतं.

काहीजण किडनी वाचवायला एसीई इनहिबिटर (रक्तदाब उतरवणारं औषध) आधीच सुरू करायला सांगतात. क्रायसिस आल्यावर तेच औषध तारतं, पण आधीपासून घेतल्यानं ती टळते असं दिसलेलं नाही. उपयोगी पडतं ते घरी रोज रक्तदाब मोजणं. वरचा आकडा नेहमीपेक्षा ३० नं वाढला, किंवा डोकेदुखी, धूसर दिसणं, लघवी कमी होणं सुरू झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आणि भरभर चालणं? सूज सक्रिय असताना जोराचा व्यायाम लय बिघडवू शकतो. तो साधारण ३ ते ६ महिने बंद ठेवतात आणि पुन्हा तपासण्या करूनच सुरू करू देतात.