दात झिजले म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या घेताय?

"दात झिजले म्हणजे अंगातलं कॅल्शियम कमी झालं. गोळ्या सुरू करा, रोज लिंबू-मीठ चोळा, महिन्याभरात एनॅमल परत येईल." हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. पेशंट हे सगळं करून मग माझ्याकडे येतात, तोवर एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक कवच, झिजून आतला पिवळसर थर, डेंटिन, उघडा पडलेला असतो. फार वाईट वाटतं.

आधी कॅल्शियमचं बघू. हाडाची मोडतोड आणि बांधणी आयुष्यभर चालते, एनॅमलची नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपतात. त्यामुळे मोठेपणी घेतलेली गोळी एनॅमलपर्यंत पोचत नाही. पोटातलं बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं, हेही खरं नाही. गरोदरपणी दात झिजलेच, तर वारंवार होणाऱ्या उलट्यांकडे बघावं.

लिंबू-मीठ तर सरळसरळ घातक. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं, आणि लिंबाच्या रसाचा पीएच असतो २ ते २.५. त्याने मऊ पडलेल्या दातावर मीठ घासणं म्हणजे काचपेपर फिरवणंच.

एनॅमल परत येतं का? नाही. लाळेतली खनिजं आणि पेस्टमधलं फ्लोराइड मऊ पडलेला थर पुन्हा घट्ट करतात, पण झिजून गेलेला थर उगवत नाही.

खरा प्रश्न त्या मजकुरात विचारलेलाच नाही: झीज नेमकी कुठे आहे? वरच्या दातांची टाळूकडची बाजू गुळगुळीत झाली असेल, तर पोटातलं आम्ल वर येत असण्याची शक्यता मोठी. छातीत जळजळ नसली तरीही. चावायची बाजू सपाट झाली असेल, तर झोपेत दात खाण्याची सवय असू शकते. हिरडीलगत खाच पडली असेल, तर जोर लावून आडवा फिरवलेला ब्रश, खरखरीत मंजन किंवा आपल्याकडची मशेरी. पुष्कळदा यातली दोन-तीन कारणं एकत्र असतात, म्हणून मी आधी खूप प्रश्न विचारते.

उपचारही त्याप्रमाणे बदलतात. आम्लपित्तासाठी फिजिशियन, दात खाण्यासाठी रात्री दातांवर घालायचा नाइट गार्ड. आंबट खाल्ल्यावर किंवा उलटी झाल्यावर नुसत्या पाण्याने चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने. फिलिंग मी शेवटी करते, कारण मूळ कारण तसंच राहिलं तर त्याच्या कडेचा दात झिजत राहतो. त्याआधी दातांचे फोटो आणि ठसे घेऊन ठेवते. सहा महिन्यांनी ते शेजारी ठेवले की झीज थांबली की नाही, हे पेशंटला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.