रूमवर फक्त झोपायचंच तर आहे!

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर मावसभावाने स्क्रीनशॉट टाकला. लास वेगास, जूनमधला मंगळवार, रूम 31 डॉलर. खाली पाच अंगठे, दोन नाचणाऱ्या बायका आणि मामाचं "वा रे पठ्ठ्या!" मावशी-काका पहिल्यांदाच अमेरिकेत येतायत, त्यांना फिरवायचंय. मी एवढंच विचारलं की हॉटेल नेमकं आहे कुठे? तर उत्तर आलं, "ताई, रूमवर फक्त झोपायचंच तर आहे."

हे वाक्य ज्याने पहिल्यांदा म्हटलं ना, त्याला एकदा माझ्यासमोर आणा.

कारण 2019 च्या जूनमध्ये हेच वाक्य मी म्हटलं होतं. आईला. तिचं वय तेव्हा 71, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि मी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातली हुशार मुलगी, रूम शोधली होती 34 डॉलरची. मॅपवर स्ट्रिपपासून, म्हणजे मोठ्या कॅसिनो-हॉटेलांच्या मुख्य रस्त्यापासून, 1.1 मैल. नवरा म्हणाला, बावीस मिनिटं चालत. आपण काय, पर्वती चढणारी माणसं!

पहिल्या संध्याकाळी स्ट्रिपवरच्या बेलाजिओ हॉटेलची कारंजी बघायला निघालो. रात्रीचे नऊ वाजलेले तरी तापमान 38. रस्त्याच्या एका बाजूला पार्किंगची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला सहा लेन. ना दुकान, ना टपरी, ना बसायला जागा. आई साडीवर स्पोर्ट्स शूज घालून मागून येत होती. अर्ध्या वाटेत एका कठड्यावर बसली, बूट काढून मांडीवर घेतले आणि म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी बसते इथे."

मराठी आयांचं हे वाक्य मला कोर्टाच्या समन्ससारखं वाटतं.

आता जे अजून गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. वेगासचा नकाशा फसवा आहे. स्ट्रिप साधारण सात किलोमीटरची, आणि ती कायद्याने लास वेगास शहरात नाहीच, शहराच्या हद्दीबाहेर पॅराडाइज नावाच्या भागात आहे! प्रत्येक हॉटेल आपल्याकडच्या अख्ख्या पेठेएवढं. "पुढचंच हॉटेल" म्हणून निघालात की वीस मिनिटं. मोठ्या चौकांत रस्ता खालून ओलांडता येत नाही, पादचारी पुलावर चढायचं, पलीकडे उतरायचं. त्या रात्री नेमका एका पुलाचा सरकता जिना बंद. आणि परत आल्यावर रूममध्ये पोचायला कॅसिनोतूनच जायचं, सिगारेटचा धूर खात, कारण तिथे आत ओढायला परवानगी आहे. लिफ्टचा रस्ता मुद्दाम मशिनांमधून वळवलेला असतो. मला कोणी सांगू नका की हे योगायोगाने होतं.

रूम स्वस्त का असते, हा प्रश्न आपण विचारतच नाही. खाली जुगार आहे म्हणून. तुम्ही तिथे शे-दोनशे डॉलर घालवाल या हिशोबाने वरची खाट स्वस्तात देतात. आता आपली माणसं! मांडवीवरच्या कॅसिनोच्या बोटीसुद्धा आम्ही पणजीच्या काठावरून बघितलेल्या. बाबांनी "एकदाच" म्हणून एक डॉलर घातला, गेला, तर दोन दिवस त्या डॉलरबद्दल बोलत होते. अशा गिऱ्हाइकाकडून वसुली कशी करायची? रिसॉर्ट फी! आमच्या हॉटेलची रोजची 39 डॉलर. खोलीपेक्षा जास्त! कशाची, तर वायफाय आणि जिम. आई जिमला जाणार होती का? 102 डॉलरच्या तीन रात्री करासकट 248 ला पडल्या. वर पहिल्या रात्रीनंतर आईला चालवायची कोणाची हिंमत नव्हती म्हणून उबरचे 96. या पैशांत आम्ही कारंज्यांसमोर राहिलो असतो हो.

बरं, मान्य. फी बारीक अक्षरात लिहिलेली होती, मीच वाचली नाही. आणि मे 2025 पासून फीसकट एकूण किंमत आधीच ठळक दाखवायची असा फेडरल नियम आलाय. चांगलं झालं. पण नियम किंमत दाखवेल, ती पार्किंगची भिंत दाखवणार नाही.

सगळ्यात राग कशाचा येतो माहितीये? चहाचा. भारतात साध्या लॉजवर किटली नसली तरी पोऱ्या चहा आणून देतो. वेगासमधल्या बहुतेक रूममध्ये ना किटली, ना कॉफी मशीन. तुम्ही खाली उतरावं, कॅसिनोतून चालत जावं आणि सहा डॉलरचं गरम पाणी प्यावं. आईने सांगलीहून स्वतःची किटली आणली होती. आमच्या घरी गॅसवर चहा होतो म्हणून ती तोपर्यंत बॅगेतच होती. पहाटे पाच वाजता जाग आली तर आई अंधारात, अडॅप्टर लावून किटलीसमोर खुर्ची घेऊन बसलेली. पंचवीस मिनिटं झाली होती म्हणे. किटली नुसती गुणगुणत होती. आपली 230 व्होल्टची, इथे येतात 120. व्होल्टेज निम्मं झालं की ताकद पाव. मी इंजिनिअर आहे, हे मला आधी सुचायला हवं होतं. ती म्हणाली, "होईल गं, घाई काय आहे."

मला तिथेच रडू आलं होतं. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, इथे वाचेल आता.

असो. मावसभावा, तुला टोमणे मारून झाले, आता ऐक. मंगळवार निवडलास ते अगदी बरोबर. शुक्रवार-शनिवारी तीच रूम दुप्पट-तिप्पट होते, जानेवारीत सीईएस (इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन) आणि नोव्हेंबरमध्ये फॉर्म्युला वनची शर्यत असली की विचारूच नकोस. पण स्ट्रिपवर फ्लेमिंगो रोडच्या चौकाजवळ बघ. फ्लेमिंगो, लिंक, हॉर्सशू (पूर्वीचं बॅलीज) ही झगमगाटात जरा मागे पडलेली हॉटेलं आहेत, आठवड्याच्या मधल्या दिवशी परवडतात. कारंजी तिथून जवळ, रात्री दर पंधरा मिनिटांनी असतात, एक चुकलं तर पुढचं. मागच्या अंगाला मोनोरेल आहे, पण ती एअरपोर्टला जात नाही, भ्रमात राहू नकोस. दक्षिण टोकाची एक्सकॅलिबर, लक्सर आणखी स्वस्त मिळतील. तिथून मँडले बे हॉटेलला फुकट ट्राम आहे, पण कारंजी तिथून लांब पडतात. काकांना धुराचा त्रास असेल तर व्हिडारा, तिथे कॅसिनोच नाही, फक्त खिसा हलका होईल.

डाउनटाउनला, फ्रीमाँट स्ट्रीटवर (आपलं कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट नव्हे!), सगळं सपाट, हाताच्या अंतरावर आणि स्वस्त. गोंगाट मात्र असा की मावशीला गणपतीची मिरवणूक आठवेल. आणि मामाच्या मित्राने दिलेली ती जुनी यादी फेकून दे. त्यातलं मिराज जुलै 2024 मध्ये बंद झालं, ट्रॉपिकाना त्याच ऑक्टोबरमध्ये सुरुंग लावून पाडलं.

माझ्यावर चिडू नकोस. "रूमवर फक्त झोपायचं" हे तुझ्या-माझ्या वयाला ठीक आहे. 45 डिग्रीच्या दुपारी मावशी-काका कुठे जाणार? रूमवरच ना? बारा ते सहा ते तिथेच असणार आहेत, चपला काढून, पाय वर करून.

बुक करण्याआधी मॅपमध्ये त्या रस्त्याचा फोटो उघडून बघ. भिंत दिसली तर सोड.

आणि मावशीला सांग, किटली आणू नका. 120 व्होल्टची माझ्याकडे आहे, त्या ट्रिपवरून आल्या आल्या घेतलेली. शनिवारी येऊन घेऊन जा, सोबत चहा पावडर पण देते.