आधी झोप उडाली की आधी मोबाईल हातात आला?

एका लेखात म्हटलंय, रात्री मोबाईल बघणाऱ्या मुलांत चिंता जास्त आढळते, म्हणजे मोबाईलमुळे चिंता वाढते. हे 'म्हणजे' काही पटलं नाही.

माझा भाचा सांगलीत विश्रामबागला राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. निकालाआधी आठवडाभर त्याला झोप नव्हती. कूस बदलून कंटाळला की दोन वाजता उशीखालचा मोबाईल काढायचा. ताईने तो काढून घेतला, तर पठ्ठ्या पंख्याकडे बघत जागाच! इथं चिंता आधी, मोबाईल नंतर, आणि दोन्हींच्या मागे परीक्षा. अर्थात एका भाच्यावरून काय सिद्ध होणार? चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट करा, एकाचा रात्री मोबाईल बंद ठेवा, दुसऱ्याचं नेहमीसारखं चालू द्या, मग फरक बघा. नुसत्या सर्व्हेतून कारण कळत नाही.

पाठोपाठ घडलं की कारण चिकटवायची खोड जुनीच. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली भुकेल्या कबुतरांचा प्रयोग मांडला. ती काहीही करोत, ठरावीक वेळाने दाणे मिळायचे. तरी एक गिरक्या घ्यायला लागलं, एक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात मान खुपसायला. स्किनर म्हणाला, ही अंधश्रद्धाच; दाणे आले तेव्हा योगायोगाने जे चाललं होतं, तेच कबुतर पुन्हा पुन्हा करायला लागलं. गंमत म्हणजे १९७१ मध्ये स्टॅडन आणि सिमेलहॅग या संशोधकांनी त्याच्या या कारणावरच शंका घेतली!

आमचे मामा हळदीच्या सौद्याला अजून तीच कळकट टोपी घालून जातात. भाव पडला तर म्हणतात, मामीनं धुतली असणार.