घाबरवलं म्हणून बीपीची गोळी सुरू राहत नाही

खान्देशातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय : 'आपल्याकडचा माणूस अडाणी. लकव्याचे फोटो दाखवून घाबरवा, तरच बीपीची गोळी घेईल. तरीही सोडली, तर त्याचं नशीब.' यातलं एकही वाक्य मला मान्य नाही.

आधी 'अडाणी'. आरोग्य मानसशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक हॉवर्ड लेव्हेंथल. १९६५ साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत अमेरिकेतल्या नामांकित येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताची पत्रकं वाचायला दिली. काहींत अंगावर काटा आणणारी छायाचित्रं, काहींत सौम्य माहिती. ज्यांना नुसतं 'लस घ्या' सांगितलं, त्यांच्यातले जेमतेम ३ टक्के गेले. येलचे विद्यार्थी, बरं का! ज्यांना दवाखान्याचा नकाशा आणि वेळा दिल्या, कधी जाणार ते ठरवायला लावलं, त्यांच्यातले सुमारे २८ टक्के गेले.

भीतीचं उत्तरही त्यातच आहे. थोडी धास्ती लागते, हे खरं. पण ती वाढवल्याने लस घेणारे वाढले नाहीत, 'घेईन' म्हणणारे तेवढे वाढले.

'तरीही सोडली' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं. आमच्याकडे म्हातारी माणसं सांगतात, "जव्हय डोकं दुखस, तव्हय गोळी लेस." याला बेफिकिरी म्हणू नका, त्यामागे एक हिशेब आहे : त्रास म्हणजे आजार, त्रास थांबला की आजार गेला. तापाला हा हिशेब चालतो. बीपी मात्र बहुतेक वेळा काहीच जाणवू न देता वाढतं. १९८५ साली लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी बीपीच्या रुग्णांना विचारलं, तेव्हा नियमित उपचार घेणाऱ्यांपैकी ८० टक्के म्हणाले, 'बीपी वाढलेलं माणसाला कळत नाही.' तरी त्यांच्यातल्या बहुतेकांना स्वतःचं मात्र कळतं असं वाटत होतं! रुग्णाच्या डोक्यातलं आजाराचं हे चित्र आधी विचारून घ्या, ही लेव्हेंथल यांची खरी देणगी.

आणि नशीब? कापूस वेचणीत एक दिवस दवाखान्यात घालवला की मजुरी बुडते. दिवाळीनंतर नंदुरबारकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, तिथे गोळी कोण देणार?

तेव्हा लकव्याचे फोटो पाठवणं थांबवा. आपल्या आरोग्य केंद्रात बीपी कोणत्या वारी तपासतात, गोळ्या किती दिवसांच्या मिळतात, गाव सोडण्याआधी जास्तीच्या मिळतील का, हे आशाताईंना विचारा आणि ग्रुपवर तेच टाका.